डावीकडची मूठ

गिरणीच्या खडखडाटातसुद्धा ते बोलणं वच्छलाला स्वच्छ ऐकू आलं.

“नारायणराव म्हनत हुते,” काशम्मा तिच्या कानाशी येऊन सांगत होती, “जोतीरामला डावा हात कंचा आन् उजवा कंचा ते बी कळत न्हाय. आसल्याच्या हातात मशीन दिलं, हीच आपली चूक झाली म्हनं. पारावर, चारचौघांत म्हनले.”

काशम्मा शेजारच्याच वस्तीवरची. चहाड्या करणारी बाई नव्हे ती. माघारी जे बोललं जातंय ते वच्छलाला ठाऊक असावं, एवढ्याच मायेनं तिनं सांगितलं होतं. पण रांगेत उभ्या असलेल्या दोघीजणी तोंडाला पदर लावून हसल्या आणि गिरणीवाल्यानं मान खाली घातली, तेव्हा वच्छलाच्या लक्षात आलं की गावात हे सगळ्यांना कधीचंच ठाऊक होतं. आपल्याच कानावर तेवढं आज आलं.

 तिनं पिठाची पाटी डोक्यावर घेतली आणि भर उन्हात वस्तीची वाट धरली. वाटेत मात्र तिचे ओठ सारखे हलत होते.

जोतीरामचा पाय मोडून पंधरा दिवस झाले होते. साल होतं शहात्तरचं, दसरा नुकताच झालेला. होटगीच्या दक्षिणेला दोन कोसांवर त्यांची वस्ती. विहिरीखालचा सहा एकरांचा तुकडा, त्यात कांदा, भुईमूग, थोडी मिरची. एवढ्याशा वाफ्यांत मोठा ट्रॅक्टर फिरत नाही. म्हणून जोतीरामनं दोन वर्षं विचार करून शेजारच्या गावच्या नारायणरावांकडून त्यांचा जुना टिलर घेतला होता. दोन चाकांचा, मागून चालत जाऊन दोन्ही हातांनी हाकायचा जपानी बनावटीचा ट्रॅक्टर. नारायणराव म्हणजे त्या भागातलं बडं प्रस्थ. त्यांच्या रानात शेतकी खात्याची माणसं यायची, फोटो निघायचे. त्यांनी आपल्या रानात टिलर चालवून दाखवला होता. म्हणजे चालवला त्यांचा गडी धोंडीरामनं. नारायणराव बांधावर छत्री धरून समजावून सांगत होते. “हे पाहा, उजव्या मुठीखालची दांडी दाबली की उजवीकडे वळतं, डावीकडची दाबली की डावीकडे. लहान लेकराला कळेल.” हिरवा रंग नवाकोरा मारला होता. वच्छलाही त्या दिवशी सोबत होती. तिनंच त्याच्या पुढच्या नळकांड्याला हळदकुंकू लावलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी, नांगरटीच्या पहिल्याच तासाला, ते झालं. घरापुढच्या निंबापासून सरळ तास धरून जोतीराम ओढ्याकडच्या बांधाशी पोचला. उजवीकडं विहीर, समोर ओढ्याची दरड. वळायचं ते डावीकडंच. त्यानं मूठ दाबली. टिलर सरळच गेला. मग त्यानं मशीन थांबवणारी मेन क्लचची दांडी ओढली, ती जागची हलेना. दोन्ही हातांनी ओढेपर्यंत चाकं दरडीवरून खाली गेलेली. मशीन आणि माणूस एकदमच गडगडत ओढ्यात. हँडलचा लोखंडी दांडा नडगीवर पडला.

सोलापूरच्या दवाखान्यातून प्लॅस्टर घालून आणल्यापासून जोतीराम ओसरीवरच्या बाजेवर पडून होता. आधी दुखण्यानं विव्हळायचा. आताशा विव्हळणं थांबलं होतं, पण बोलणंही थांबलं होतं.

वच्छलानं पाटी उतरवली आणि त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

“अवो, त्या दिवशी तुमी मूठ कंची दाबली?”

जोतीराम आढ्याकडं बघत राहिला.

“मी इचारतीया.”

“डावीच दाबली, आसं वाटतंय मला.”

“वाटतंय म्हंजी?”

“म्हंजी…” त्यानं दोन्ही हात छातीवर उचलून डोळ्यांपुढं धरले. “पडल्या पडल्या लई येळा करून बघतो. डावीच दाबली व्हती. पन मानूस घाबरला की काय दाबतो त्येला तरी काय कळतंय? दांडी तर चांगली हाय. दाबल्यावर आत गेली, हे मला पक्कं याद हाय. मंग वळलं का न्हाई? माजंच कायतरी चुकलं आसंल, वच्छे. नारायणराव कशाला खोटं बोलत्याल?”

म्हणजे हे याच्याही कानावर आलं होतं. कुणीतरी बाजेशेजारी बसून, चहा पिऊन, सांगून गेलं होतं.  पंधरा वर्षं बैलांची जोडी हाकलेला हा माणूस. अंधारातही त्याचा तास कधी वाकडा गेला नव्हता. आणि आता तो स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होता, लहान पोरानं चोरी केल्यावर बघावं तसा.

ती तशीच निंबाखाली गेली. ओढ्यातून चार बैल लावून वर काढलेला टिलर तिथं पोत्यांखाली झाकून ठेवला होता. तिनं पोती फेकली. एक हँडल वाकलं होतं, चिखल वाळून पापुद्रे धरले होते. तिनं डावीकडची मूठ धरली आणि तिच्याखालची दांडी दाबली.

दांडी लोण्यासारखी आत गेली. सोडली, तशी परत आली.

 वच्छलानं पुन्हा दाबली, पुन्हा तसंच. कुठं अडकत नाही, करकरत नाही. मग उजवीकडची दाबली, तर ती जरा जडच लागली. म्हणजे डावीकडची तर जास्तच चांगली होती. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, तिच्याही मनात येऊन गेलं की नारायणराव खरं बोलत असतील. यांचंच चुकलं असेल. आणि त्या विचाराची तिला एवढी शरम वाटली की तिनं मूठ तापल्या तव्यासारखी सोडून दिली.

मशीनमधलं तिला काही कळत नव्हतं. पण कळणारा माणूस तिला ठाऊक होता. होटगी स्टेशनजवळ शिवयोगी राहायचा, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला. गावातली डिझेल इंजिनं, पंप, कडबा कापायची यंत्रं, सगळी त्याच्याच हाताखालून जायची. पोरगेला आवाज, पांढऱ्या भुवया, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि बोलणं अर्धं कानडी वळणाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला त्याच्या दारात उभी राहिली.

“अण्णा, मशीन दुरुस्त करा म्हनून आले न्हाई मी. निस्तं बघा आन् मला खरं सांगा. माज्या मालकाची चूक आसंल तर ते बी सांगा. पन खरं सांगा.”

शिवयोगीनं तिच्याकडं नीट बघितलं, चहाची बशी खाली ठेवली आणि हत्यारांची पेटी सायकलीला बांधली.

*

निंबाखाली बसून शिवयोगीनं आधी कशालाच हात लावला नाही. टिलरभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग डावीकडची मूठ दाबली, सोडली, दाबली, सोडली. कान लावून ऐकलं.

“अक्का, ह्ये लई गोड चालतंय की,” तो म्हणाला. “गंजलेलं मशीन, पावसात पडलेलं, आन् एवढं गोड? मला आवडलं न्हाय.”

त्यानं मुठीपासून खाली जाणारी सळई बोटानं चाचपत नेली. ती हँडलच्या खालच्या बाजूनं गिअरबॉक्सकडं जात होती. मध्येच एक पत्र्याची पट्टी तिच्यावर आडवी बसवली होती आणि तिलाही तोच हिरवा रंग फासला होता. शिवयोगीनं पान्ह्यानं पट्टी काढली, खाली वाकून बघितलं आणि पान्हा जमिनीवर ठेवला.

“काय अण्णा?”

“तुमीच बगा. हितं, खाली.”

वच्छला जमिनीवर पालथी पडून बघू लागली. उजव्या बाजूची सळई गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या एका आखूड लोखंडी दांड्याला, म्हणजे अंगठ्याला, पिनेनं जोडलेली होती. डाव्या बाजूला तसाच अंगठा होता, पण त्याला सळई जोडलेलीच नव्हती. पिन काढून टाकलेली. सळईचं टोक मोकळं, आणि त्याला काळ्या रबराची एक पट्टी बांधून ती फ्रेमला अडकवलेली. सायकलीच्या ट्यूबची पट्टी. तिच्यावर पंक्चरचं एक लाल ठिगळसुद्धा होतं.

“दांडी दाबली की रबर ताणतंय, सोडली की मागं वडतंय,” शिवयोगी सावकाश सांगत होता, पण त्याचा आवाज चढत चालला होता. “तुमच्या हाताला वाटतंय, काम झालं. आतमंदी कायच होत न्हाय. आतला क्लच सुटून डावं चाक थांबायला ह्यो अंगठा फिरायला पायजे. आन् ह्यो…” त्यानं हातोडीच्या दांड्यानं अंगठ्याला टोला दिला. ठण्ण आवाज आला. अंगठा तसूभरही हलला नाही. “ह्यो गंजून एक झालाय. दोन पावसाळे उघड्यावर ठेवला आसंल. आडकला, तर सोडवायचा की! तीन दिवसांचं काम. ते केलं न्हाय. रबर बांधलं! वर पत्रा लावला, रंग मारला!”

तो उठून उभा राहिला. 

“अक्का, छत्तीस वर्षं इंजिनाखाली काढली मी. ब्रेक धरत न्हाय आन् धरतो म्हनून सांगितलं, आसं कुनी केलं तर आमी त्येला फिटर म्हनत न्हवतो. खुनी म्हनत होतो. तुमच्या मालकाचा पाय गेला. मान गेली आसती.”

वच्छलाच्या डोळ्यांपुढं नारायणरावांच्या रानातला तो दिवस लख्ख उभा राहिला. धोंडीरामनं टिलर चार वेळा वळवला होता. चारही वेळा उजवीकडं. गोल गोल, घाण्याच्या बैलासारखा उजवीकडं. आणि बांधावर छत्री धरलेला तो माणूस सांगत होता की डावीकडची दाबली की डावीकडे, लहान लेकराला कळेल. डाव्या मुठीची दांडी तर त्यानं वच्छलाला स्वतः दाबून बघायला लावली होती. “बघा वहिनी, किती हलकी.”

“मी राकेल आणतो,” शिवयोगी बाह्या सरसावत म्हणाला. “आजच सोडवायला घेतो ह्येला.”

“नगं.”

“काय?”

“हाय तसंच ऱ्हाऊ द्या, अण्णा. ती पट्टी परत लावा. रबर बी तसंच आसू द्या.” वच्छला उभी राहिली, लुगड्याची माती झटकली. “मेन क्लच तेवढा मोकळा करा. मानूस मरायला नगं. बाकी कशाला हात लावू नगा.”

शिवयोगीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि पट्टी परत बसवायला घेतली.

जोतीरामला तिनं त्या दिवशी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जाऊ दे, मोठ्या माणसाशी कशाला वैर. आणि हे जाऊ दे ऐकायची तिची तयारी नव्हती.

*

नारायणरावांच्या ओसरीवर सकाळी नेहमीच आठदहा माणसं असायची. वच्छला डोक्यावरून पदर घेऊन पायरीशी उभी राहिली. नारायणराव पानाला चुना लावत होते.

“या वहिनी. जोतीराम कसा आहे? वाईट झालं हो. पण मी तेव्हाच म्हटलं होतं, यंत्र म्हणजे बैल नव्हे. त्याला डोकं लागतं.”

दोघंतिघं हसले.  वाटेत वच्छलानं जे जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं ओठांवर आलं होतं, पण ते तिनं आवरलं.

“तेच म्हनायला आले जी. आमा अडान्यांना ते चालवाय येत न्हाय. तुमी येवून येकदा शिकवा. तुमी सगळ्या मुलखाला शिकवता. आमच्या वस्तीवरची चार मानसं बी बघत्याल, शिकत्याल.”

“मी? अहो, धोंडीरामला पाठवतो की.”

“धोंडीराम गडी मानूस. तुमच्यागत त्येला सांगता येतंय व्हय?”

ओसरीवरच्या एकानं लगेच मान डोलावली. “खरंय की. आबा, जाऊन यावा. गरिबाला आधार हुईल.”

नारायणरावांनी पान तोंडात टाकलं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या, आणि त्यांना नजरा आवडायच्या.

“बरं. रविवारी येतो.”

*

रविवारी दहाच्या सुमाराला जीप आली. नारायणराव, त्यांच्याबरोबर ओसरीवरचे तिघं, आणि मागं धोंडीराम. वच्छलानं काशम्माला सांगून वस्त्यावस्त्यांवर निरोप धाडला होता. निंबाखाली वीसपंचवीस माणसं जमली होती. गिरणीवालाही आला होता. जोतीरामची बाज तिनं आणि काशम्मानं उचलून ओसरीच्या कडेला आणली होती, समोरचं सगळं दिसेल अशी.

शिवयोगीनं हँडल मारून इंजिन चालू केलं. धडधड आवाजानं निंबावरचे कावळे उडाले. नारायणराव टिलरपासून चार हात लांब उभे राहून सांगू लागले. हे थ्रॉटल, हा गिअर, हा मेन क्लच. त्यांचं बोलणं छान होतं. माणसं मन लावून ऐकत होती. वच्छला त्यांना थांबवायच्या घाईत नव्हती. त्यांचं सगळं बोलून झाल्यावर ती पुढं आली.

“नारायणराव, आता चालवून दावा. हितनं निंबापास्नं धरायचं, त्यो त्या दिवशीचा तास आजून दिसतोय बगा. त्येच तासानं त्या बांधापत्तर जायचं आन् तितं डावीकडं वळवायचं. यवढंच.”

 नारायणराव हसले.

“धोंडीराम, घे रे. दाखव यांना.”

धोंडीराम पुढं आला. चाळिशीचा, काटकुळा माणूस. रविवारची म्हणून धुतलेली टोपी. त्यानं दोन्ही मुठी धरल्या. समोर सरळ तास होता, त्याच्या टोकाला बांध, बांधाच्या पलीकडं दरड. त्याची नजर तासावरून सरकत ओढ्यापर्यंत गेली, तिथून ओसरीवरच्या बाजेकडं वळली, प्लॅस्टरमधल्या पांढऱ्या पायावर येऊन थांबली.

त्यानं हात खाली सोडले.

“न्हाय मालक.”

“काय नाही?”

“मी न्हाय चालवत.”

“तोंड काय बघतोस? चल!”

“तुमी चालवा की मंग,” वच्छला म्हणाली. आता तिचा आवाज इंजिनाच्या वर गेला होता. “लहान लेकराला कळंल म्हनला व्हतासा! डावी मूठ किती हलकी म्हनून माज्या हातात दिली व्हतीसा! धरा. हात लावा त्येला. धा पावलं चाला आन् डावीकडं वळा. वळलं तर मी गावात पारावर उबं ऱ्हाऊन सांगन, माज्या मालकाला डावं-उजवं कळत न्हाय. माज्या तोंडानं सांगन.”

नारायणराव जागचे हलले नाहीत. त्यांचे हात आपोआप पाठीमागं गेले होते आणि एकमेकांत घट्ट अडकले होते. ते जमलेल्या वीसपंचवीस माणसांनी बघितलं.

“हा काय तमाशा लावलाय?” ते म्हणाले. “यंत्र माझ्याकडून गेलं तेव्हा ठणठणीत होतं. ओढ्यात पाडलंत, त्यात काय मोडलं असेल त्याला मी जबाबदार नाही. त्यानंतर या म्हाताऱ्यानं काय काय उघडलं असेल, देव जाणे.”

शिवयोगीनं इंजिन बंद केलं. खाली वाकून त्यानं पत्र्याची पट्टी सोडवली आणि बाजूला झाला. एकेक माणूस वाकून बघू लागला. कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. गिरणीवाला उठून उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“हे तुम्हीच बांधलं असणार,” नारायणराव म्हणाले. “माझ्याकडं असलं काही नव्हतं.”

“ती ट्यूब माज्या सायकलीची हाय.”

धोंडीराम बोलला होता. मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मागल्या चाकाची. ठिगाळ बी मीच मारल्यालं. तुमी बांध म्हनलासा, मी बांधली. अंगठा आडकलाय म्हनून मी तुमाला दोन साल सांगत व्हतो. सोडवून घ्या म्हनलं, तर म्हनलासा, आता इकायचंच हाय. मी म्हनलं, मानूस मरंल. तुमी म्हनलासा, इकल्यावर त्येला सांगू की दुरुस्त करून घे. सांगितलं न्हाय. मी बी न्हाय सांगितलं.”

“खोटारड्या! उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

“न्हाय येत.”

नारायणरावांनी घड्याळाकडं बघितलं, बरोबरच्या तिघांना खूण केली. दोघं जीपमध्ये बसले. तिसरा, तो आधार हुईल म्हणणारा, निंबाखालीच उभा राहिला. पायी जाईन म्हणाला. वच्छला जीपच्या आडवी उभी राहिली.

“त्या बाजंवर मानूस हाय,” ती म्हणाली. “त्येच्याम्होरं जावा आन् सांगा, तुजी चूक न्हवती. यवढं बोलायला काय लागत न्हाय.”

नारायणरावांनी तोंड फिरवलं. ड्रायव्हरनं जीप मागं घेतली, मिरचीच्या वाफ्यातून फिरवली, चार रोपं चाकाखाली गेली, आणि धुरळा उडवत ती निघून गेली.

वच्छला वळून ओसरीकडं गेली. तिला वाटलं होतं, आता जोतीरामचा चेहरा खुलेल. पण तो बाजेवर ताठ उठून बसला होता. दोन्ही मुठी त्यानं बाजेच्या कडेवर इतक्या जोरानं आवळल्या होत्या की सुंभ करकरत होतं.

“ईस दिस,” तो म्हणाला. “ईस दिस मी माज्याच हाताकडं बघत बसलो, वच्छे. पाय मोडला त्येचं काय न्हाय. माजं मलाच खोटं पाडलं त्येनं.”

आणि मग तो रडला. काशम्मानं माणसांना हळूहळू वाटेला लावलं.

*

अंगठा सोडवायला चार दिवस लागले. शिवयोगीनं पहिल्या दिवशी नुसतं राकेल आणि तेल एकत्र करून अंगठ्याच्या मुळाशी चिंधी गुंडाळून भिजत ठेवली. “घाई केली तर तुटंल,” तो म्हणाला. “लोखंड रुसलं की त्येला मारून चालत न्हाय.” दुसऱ्या दिवशी वातीच्या दिव्यानं तिथली बाजू तापवली, पुन्हा तेल पाजलं, लाकडी हातोड्यानं इकडून तिकडून बारीक बारीक टोले दिले. वच्छला शेजारी बसून चिंध्या बदलत होती. रान पडून होतं, कांद्याची रोपं वाढून चालली होती, तरी ती उठली नाही.

धोंडीराम रविवारपासून तिथंच घोटाळत होता. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जा म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “वैनी, मला कायतरी काम सांगा.”

वच्छलानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं रविवारी खरं सांगितलं होतं, हे तिला कळत होतं. पण ती ट्यूब बांधताना हेच हात होते. जोतीराम पहिल्यांदा टिलर घेऊन निघाला तेव्हा हाच माणूस रस्त्यावर उभा राहून बघत होता.

“तुमी आदल्या दिवशी येवून निस्तं सांगितलं आसतं,” ती म्हणाली. “चालत याला तासभर लागतोय.”

“व्हय.”

“मंग?”

“भ्यालो.”

तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं.  पण तिनं त्याच्या हातात पॉलिश कागद दिला आणि उजवीकडची सळई, पिना, दांड्या, सगळं घासून काढायला सांगितलं. जेवायच्या वेळी भाकरी दिली. पाणी मात्र त्यानं स्वतः जाऊन हापसून घेतलं. तिनं तांब्या पुढं केला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, शिवयोगीनं पान्ह्याला नळीचा तुकडा लावून हळूच ताण दिला, तेव्हा आतून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. शिवयोगी दचकून थांबला. मोडला की काय? त्यानं पुन्हा हळूच ताण दिला. अंगठा केसभर फिरला. उलट्या बाजूला घेतला, पुन्हा केसभर. राकेलाबरोबर लालतांबडा गंज पाझरू लागला.

“आला,” शिवयोगी म्हणाला. “आला, अक्का!” आणि मग कानडीत, “बंतु!”

मग तासभर इकडून तिकडून, इकडून तिकडून. शेवटी अंगठा त्याच्या घरातून सबंध बाहेर आला, तो त्यानं पॉलिश कागदानं घासून चकचकीत केला, जागा पुसली, ग्रीस भरून परत बसवला. नवी पिन घातली. वच्छलानं डावीकडची मूठ दाबली. दांडी आता जड लागली, हाताला ओझं देऊन आत गेली, आणि खाली काहीतरी खट्‌ करून सुटल्याचं तिच्या तळव्याला कळलं.

त्या संध्याकाळी तिनंच टिलर चालवला. शिवयोगी डाव्या अंगाला, धोंडीराम उजव्या. बांधाशी तिनं डावीकडं वळवला, आणि तो वळला. ओसरीवरून जोतीराम ओरडून सांगत होता, थ्रॉटल कमी कर, कमी कर! तिला इंजिनात काही ऐकू येत नव्हतं.

कांदा आठ दिवस उशिरा लागला. जोतीरामचं प्लॅस्टर निघेपर्यंत सगळी नांगरट वच्छलानं केली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. तिला त्याचंही काही वाटेनासं झालं.

नारायणरावांच्या ओसरीवरची गर्दी थोडी ओसरली म्हणतात. फार नाही. शेतकी खात्याची माणसं येतच होती. दिवाळीनंतर नारायणरावांचा एक माणूस वस्तीवर आला आणि लाकडी खोकं ठेवून गेला. आत टिलरच्या मुठींचा नवाकोरा संच होता, तेलकट कागदात गुंडाळलेला. दांड्या, सळया, दोन्ही बाजूंचे अंगठे. चिठ्ठी नव्हती. निरोपही नव्हता.

जोतीराम तोवर काठी घेऊन चालायला लागला होता. त्यानं खोक्यातला एक अंगठा उचलून बघितला आणि परत ठेवला.

“चांगला माल हाय,” तो म्हणाला.

“ठेवायचा का मंग?” वच्छलानं विचारलं.

 जोतीरामनं झाकण लावलं, खिळे स्वतः ठोकले. एकेक खिळा, सावकाश, सरळ.

“धोंडीरामला म्हनावं सायकलीवर टाकून देऊन ये,” तो म्हणाला. “आन् निरोप दे म्हनावं. लोखंड आमच्याकडं हाय. तुमच्या तोंडचा शबूद तेवढा ऱ्हायलाय.”

धोंडीराम खोकं देऊन आला. तिकडून काही उत्तर आलं नाही, नंतरही कधी आलं नाही.